वसतिगृह न मिळालेल्या मुलीसाठी कोणती मदत आहे?

प्रश्न: आम्ही खानापूर तालुक्यातील मराठा, कर्नाटकातील मागासवर्गाचा प्रवर्ग ३ब. मुलगी बेळगावात बी.एस्सी. करते, मात्र सरकारी वसतिगृहात जागा न मिळाल्याने ती भाड्याच्या खोलीत राहते. काही साहाय्य मिळेल का?

उत्तर १: कर्नाटक सरकारच्या विद्यासिरी योजनेत अशा पात्र विद्यार्थ्यांना भोजन व निवासासाठी दरमहा ठरावीक रक्कम, १० महिने मिळते. अर्ज एसएसपी, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर करावा. आधारवरील व दाखल्यावरील नाव मात्र अक्षरशः जुळवून पाहावे. माझ्या भाचीच्या आडनावात ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ एवढाच फरक होता, तरी अर्ज अडकला.

उत्तर २: आपल्या नावावर शेती असल्यास रैत विद्यानिधी, म्हणजे शेतकऱ्यांच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती, सध्या चालू आहे का तेही पाहा, २०२१ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पदवीच्या मुलींना वर्षाला ५,५०० रुपये ठरले होते.

प्रश्नकर्ता: सातबारा, म्हणजे इथला उतारा, अजून वडिलांच्याच नावावर आहे. आधी तलाठ्यांकडे जातो.