फिश प्लांटच्या ईटीपीला यूएफ लावलंय, तीन आठवड्यांत चोक होतंय

फोंड्याचा_ऑपरेटर: नमस्कार मंडळी, आमचं मासे फ्रीझ करायचं युनिट आहे. एप्रिल-मेमध्ये सगळं टँकरवर, म्हणून मालकांनी ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या) शेवटी यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन, बारीक कण अडवणारं मेंब्रेन म्हणजे गाळणीचा पडदा) आणि पुढे आरओ (मीठ काढणारं मेंब्रेन) बसवला, पाणी कूलिंग टॉवरला घ्यायचं. पण यूएफचं प्रेशर तीन आठवड्यांत दुप्पट होतं, अ‍ॅसिडने सीआयपी (मेंब्रेन न काढता केमिकल फिरवून धुणं) केलं तरी चार दिवसांत परत तेच. सप्लायर म्हणतो मेंब्रेन बदला. काय बघू?

वेर्णा_बी_शिफ्ट: बदलू नका बाब, नवे पण तसेच जातील. मासळीच्या पाण्यात चरबी आणि प्रोटीन असतं, ते अ‍ॅसिडने निघत नाही, उलट प्रोटीन आणखी घट्ट बसतं. आधी कॉस्टिक (अल्कली), मग सायट्रिक अ‍ॅसिड, आणि पीएच, टेंपरेचर मेंब्रेनच्या डेटाशीटमधल्या मर्यादेतच ठेवा. पण खरा प्रश्न आधीचा आहे, डीएएफ (बारीक हवेच्या बुडबुड्यांनी चरबी वर आणून काढायची टाकी) आहे का तुमच्याकडे?

फोंड्याचा_ऑपरेटर: डीएएफ नाही, नुसता ऑइल ट्रॅप. आता लक्षात येतंय, माणक्यांचं (स्क्विडचं) काम असतं तेव्हा एवढा त्रास नसतो, तेलकट तारले-बांगडे आले की लगेच चोक.

वेर्णा_बी_शिफ्ट: मग उत्तर तुम्हीच दिलंत! ट्रॅपमध्ये सुटं तेल वर येतं, पण पाण्यात विरघळल्यासारखं मिसळलेलं तसंच पुढे जातं. त्याला कोॲग्युलंट (बारीक थेंब-कण एकत्र गोळा करणारं केमिकल) घालून डीएएफच लागतो, तो नुसता यूएफच्या नाही, बायोलॉजिकल (जिवाणूंच्या) टाकीच्याही आधी.

कुंकळ्ळी_वॉटर: दोन गोष्टी माझ्याकडून. यूएफला क्लोरीनने बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून धुणं) करत असाल तर आरओच्या आधी एसएमबीएस (क्लोरीन मारणारं केमिकल) डोसिंग चालू आहे ना ते रोज बघा, क्लोरीनने आरओचा पातळ थर कायमचा खराब होतो, तो सीआयपीने परत येत नाही. दुसरं, यूएफचं पाणी काचेसारखं दिसलं तरी मीठ तसंच असतं, ते टॉवरला दिलंत तर क्लोराइडने स्टीलला खड्डे पडतील, म्हणून आरओ बायपास करू नका. आणि रिजेक्टचा (आरओतून उरलेल्या खारट पाण्याचा) विचार केलाय का? १०० घनमीटरला ७० घनमीटर चांगलं पाणी मिळतं (रिकव्हरी) असं धरलं तर ३० उरतं आणि त्यात मीठ साधारण ३.३ पट होतं, ते गटारात किंवा शेजारच्या ओहोळात सोडलं तर खालच्या विहिरी जातील हो, पावसात वाहून जाईल म्हणून सोडणारे मी बघितलेत, फार वाईट वाटतं. आणि आरओचं शुद्ध पाणीसुद्धा मासे धुवायला किंवा बर्फाला अजिबात नको.

फोंड्याचा_ऑपरेटर: रिजेक्ट सध्या टाकीत साठवतोय, त्याचं मालकांशी बोलतो. उद्या ट्रॅपनंतरचं सँपल ऑइल-ग्रीसला पाठवतो, तारल्यांची बॅच आहेच. रिपोर्ट आला की इथेच टाकतो.