गिलमोरचा सोलो वाजवताना सूर घसरतो: दोष नटचा, हाताचा की पेडल नसल्याचा?

नवी_खुंटी

मंडळी, पिंक फ्लॉइडचा गिलमोर, डीप पर्पलचा ब्लॅकमोर आणि ब्लॅक सॅबथचा आयोमी हे माझे तीन गिटारदेव. तिघांचंही थोडं थोडं वाजवायला घेतलंय आणि तिघांपाशीही अडलोय.

गिटार फेंडर स्ट्रॅटच्या घाटणीची, तीन सिंगल कॉइल पिकअप, सहा स्क्रूंचा ट्रेमोलो ब्रिज (दांडीने हलणारी घोडी). तारा ९-४२ (जाडी, इंचाच्या सहस्रांशात). ॲम्प १० वॅटचा, ६ इंची स्पीकर, डिस्टॉर्शनचं बटण त्यातच.

'अनदर ब्रिक इन द वॉल'च्या दुसऱ्या भागातला सोलो घेतला की दोन-तीन बेंडनंतर (तार बाजूला ओढून सूर चढवला की) तिसरी तार उतरलेली असते. ट्रेमोलोची दांडी दाबून सोडली की उलट चढलेली. गेन (आवाज फाडायचा नॉब) पूर्ण उघडला तरी सूर लांबत नाही, डबीत माशी कोंडल्यासारखी गुणगुण तेवढी येते. 'स्मोक ऑन द वॉटर'ची रिफ (पुन्हा पुन्हा येणारी सुरावट) सुरात आहे, पण चिखल वाटते. आणि ब्लॅक सॅबथचं 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' रेकॉर्डबरोबर वाजवायला गेलं की काहीच जुळत नाही.

बिग मफ (आवाज फाडणारं पेडल) घे असं जो तो सांगतो. घेऊ का? की आधी १० च्या तारा लावू?

बाराव्या_फ्रेटवर

पेडलचे पैसे सध्या खिशातच राहू द्या. बेंडनंतर तार उतरते आणि दांडीनंतर चढते, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. निदान त्यातच आहे: तार नटमध्ये, म्हणजे खुंट्यांखालच्या खाचांच्या पट्टीत, अडकते.

बेंड करताना खुंटीकडची थोडी तार नटमधून पुढे ओढली जाते. सोडल्यावर ती परत मागे सरकायला हवी. खाच घट्ट असेल तर ती पुढेच राहते, म्हणून सूर उतरतो. दांडी दाबल्यावर नेमकं उलट होतं. ढिली झालेली तार खुंटीच्या बाजूला सरकते, तिथेच अडकते आणि सूर चढा राहतो.

खात्री करून घ्या. बेंडनंतर तार उतरली की नट आणि खुंटी यांच्या मधला तुकडा बोटाने दाबून सोडा. सूर जागेवर आला तर दोष नटचा. नाही आला तर तार खुंटीवर घसरतेय, किंवा नवी असून ताणलेली नाही.

नटचा इलाज: तार सैल करून खाचेतून बाजूला घ्या आणि टोकदार २बी शिसपेन्सिल खाचेत चांगली फिरवा. एवढ्यावर बहुतेक गिटारी सुधारतात. तरीही ट्युन करताना 'टिंग' असा आवाज येत असेल तर खाच अरुंद आहे. तिसरी तार ०.०१६ इंची, म्हणजे साधारण ०.४ मिमी. तेवढ्याच जाडीच्या जुन्या तारेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून खाचेच्या *भिंती* हलक्या हाताने घासा. तळाला हात लावू नका. तळ खोल गेला तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरेल आणि नवा नट बसवावा लागेल. पुढे १० च्या तारा लावणार असाल तर हे काम करावंच लागेल, कारण त्या संचातली तिसरी तार ०.०१७ ची असते.

खुंटीवर दोन ते तीन वेढे, एकावर एक न चढवता, खाली उतरत जाणारे. नवी तार बाराव्या फ्रेटपाशी धरून सेंटीमीटरभर उचला, सोडा, ट्युन करा. चार-पाच वेळा केलं की ती स्थिरावते.

आता ब्रिज. सहावी तार मोकळी छेडा आणि ती वाजत असताना तिसरी तार बेंड करा. सहावीचा सूर खाली गेला तर ब्रिज तरंगता आहे आणि तुमचा अर्धा जोर तारेऐवजी मागच्या स्प्रिंगा ताणण्यात जातोय. मागचं झाकण काढा, स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा घट्ट करत जा, दर वेळी ट्युन करा, ब्रिजची पट्टी बॉडीला टेकली की थांबा. दांडी खाली दाबता येईल, वर खेचता येणार नाही. एरिक क्लॅप्टन तर ट्रेमोलोच्या पोकळीत लाकडाचा ठोकळा बसवून ब्रिज पार जाम करून टाकतो.

शेवटी उंची. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटचा फ्रेट दाबलेला, आणि आठव्या फ्रेटवर तारेखाली साधारण ०.२५ मिमी फट असावी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेचा बाक बदलणारी आतली सळई) एका वेळी अष्टमांश फेराच फिरवा. मग बाराव्या फ्रेटवर पहिली तार १.६ मिमी उंच. वरच्या फ्रेटांवर बेंड करताना सूर मध्येच मरत असेल तर २ मिमीपर्यंत न्या. फिंगरबोर्डचा गोलवा जास्त असेल तर तारा खाली ठेवून भागत नाही. हा क्रम उलटा केलात तर सगळं दोनदा करावं लागेल. आणि कोकणात, मुंबईत असाल तर पावसाळा सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी ही फट पुन्हा बघाच, लाकूड ओल धरतं.

ओहमचा_नियम

वरच्या उत्तरातलं सगळं आधी करा, मग आवाजाकडे या.

माशीची गुणगुण गेन *जास्त* असल्यामुळे आहे. ६ इंची स्पीकरला खालचे सूर पेलत नाहीत, त्यात डिस्टॉर्शन वरच्या हार्मोनिक्सचा ढीग ओतते, मग कानावर येतं ते फक्त त्याचं टोक. गेन ५, बेस ४, मिड ७, ट्रेबल ४ वर आणा. गिटारचा व्हॉल्यूम ८. टोन नॉब ५ वर.

जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट वायरिंगमध्ये ब्रिज पिकअपला टोन नॉब जोडलेलाच नसतो, त्यामुळे तिथे नॉब फिरवून काही होत नाही. सिलेक्टर स्विचवर मधल्या पिकअपच्या टोनचा लग (वायर जोडायची जीभ) आणि ब्रिजचा लग एका छोट्या वायरने सोल्डर करा. दहा मिनिटांचं काम आणि ब्रिज पिकअप माणसात येतो.

आता बिग मफ. 'कम्फर्टेबली नम्ब'च्या शेवटच्या सोलोत तो आहे, हे बरोबर. पण तो ज्या हायवॉट ॲम्पमध्ये जातो तो १०० वॅटचा, आवाज मोठा केला तरी स्वच्छ राहणारा. फाटतं ते पेडल, ॲम्प नाही. तुमच्या ॲम्पचं डिस्टॉर्शन चालू ठेवून पुढे मफ लावलात तर फाटलेलं पुन्हा फाटेल. शिवाय मफ साधारण १ किलोहर्ट्झच्या आसपास आवाजात खड्डा पाडतो. एकट्याने वाजवताना भव्य वाटतो, ड्रम आणि बेस आले की गायब. मफ घेतलातच तर ॲम्प क्लीन, मिड वर, सस्टेन अर्ध्यावर.

घरच्या आवाजात सूर लांबवायला मफच्या आधी कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून बारीक वर आणणारं पेडल) जास्त कामाचा. गिलमोरचा सूर लांबतो त्यात स्पीकरच्या दणक्याने तार पुन्हा थरथरते त्याचाही वाटा असतो. १० वॅटवर, शेजाऱ्यांच्या भिंतीपलीकडे, ते होणार नाही.

इकोसाठी हिशोब सोपा: ६०,००० भागिले टेम्पो म्हणजे एका ठोक्याचे मिलिसेकंद. १२० च्या लयीला ५००. पाऊण ठोक्याचा इको हवा तर ३७५. रिपीट तीन-चार, आणि इकोचा आवाज मूळ सुराच्या एक-तृतीयांशाहून कमी. पिंक फ्लॉइडच्या 'रन लाइक हेल'सारखी रिफ अंदाजपंचे लावलेल्या इकोवर कधीच बसत नाही.

जिमी हेंड्रिक्सच्या वाटेने फझ फेस (त्याचं आवाज फाडणारं पेडल) घेणाऱ्यांसाठी दोन सूचना, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ गिटारनंतर *पहिला* लावा. त्याच्या आधी बफर (सिग्नल मजबूत करणारं सर्किट) असलेला ट्युनर पेडल आला तर आवाज काचेसारखा कर्कश होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून तो स्वच्छ करण्याची गंमतही जाते. दुसरं, जुन्या पीएनपी सर्किटचा फझ पॉझिटिव्ह ग्राउंडचा (पुरवठ्याचं अधिक टोक ग्राउंडला) असतो. इतर पेडलांच्या एकाच ॲडॉप्टरच्या माळेत तो जोडलात तर सरळ शॉर्ट. त्याला वेगळी ९ व्होल्टची बॅटरी. मे महिन्यात दुपारी जर्मेनियमचा आवाज फुटका येतो तो बिघाड नव्हे, उष्णतेने ट्रान्झिस्टरची गळती वाढते. पंख्याखाली ठेवा.

खर्जातला

एक दुरुस्ती, कारण या सोलोवरून लोक स्ट्रॅटला उगाच दोष देतात. 'अनदर ब्रिक'चा सोलो स्ट्रॅटवर नाहीच. १९५५ ची लेस पॉल गोल्ड टॉप, पी-९० (जुन्या पद्धतीचे सिंगल कॉइल) पिकअप. गिटार थेट रेकॉर्डिंग डेस्कमध्ये घातली, कॉम्प्रेस केली, आणि तो रेकॉर्ड केलेला आवाज नंतर ॲम्पमधून काढून त्यात मिसळला. म्हणजे गेन जवळजवळ नाहीच. तुमच्याकडे त्याच्या सर्वांत जवळचा पर्याय: नेक पिकअप, डिस्टॉर्शन बंद, कॉम्प्रेसर चालू. पहिल्यांदा ऐकाल तर फारच उघडं-नागडं वाटेल, प्रत्येक चूक ऐकू येईल. रेकॉर्डवरही तो तसाच आहे, फक्त चुका नाहीत.

लेस पॉलचं स्केल २४.७५ इंच, तुमचं २५.५. त्याच तारा, तोच सूर, तरी तुमच्या तारांवर ताण सुमारे ६ टक्के जास्त. तेव्हा या सोलोसाठी ९ च्या तारा सोडून १० कडे जाण्याची घाई नको.

नवी_खुंटी

नटमागे दाबून पाहिलं, 'टिंग' झालं आणि सूर परत आला! पेन्सिल फिरवली, तिसरी तार आता बरीच टिकते. टोन नॉब ब्रिजवर खरंच मेलेला आहे. ब्लॅकमोर आणि आयोमीचं कोणी सांगेल का? 'स्मोक'ची रिफ मी पाचव्या-सहाव्या तारेवर पॉवर कॉर्डने (मूळ सूर आणि त्याचा पंचम एकत्र) वाजवतोय.

चौथी_आणि_तिसरी

मग चिखल होणारच. ही रिफ पॉवर कॉर्डची नाही. ब्लॅकमोर चौथी आणि तिसरी तार एकत्र वाजवतो: मोकळी, ३, ५, मोकळी, ३, ६, ५, मोकळी, ३, ५, ३, मोकळी. दोन्ही तारा दर वेळी त्याच फ्रेटवर. प्लेक्ट्रम (तार छेडायची चकती) बाजूला ठेवा, अंगठा आणि तर्जनीने दोन्ही तारा एकाच क्षणी उचला. प्लेक्ट्रमने एक तार आधी आणि दुसरी मागून वाजते, रिफचा चावा तिथेच जातो.

मोकळ्या तारा डी आणि जी. आपल्या भाषेत तानपुऱ्याच्या पहिल्या दोन तारांसारखं: खाली पंचम, वर षड्ज. डी १४६.८ हर्ट्झ, जी १९६. डिस्टॉर्शनमध्ये दोन सुरांच्या फरकाचाही सूर उमटतो, तो ४९ हर्ट्झ, म्हणजे पुन्हा जीच, दोन सप्तकं खाली. म्हणून सहाव्या तारेला हात न लावताही रिफ भारदस्त वाटते. शिवाय १९७२ मध्ये आलेल्या त्या रेकॉर्डवर डीप पर्पलच्याच जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन तीच रिफ सोबत वाजवतोय. ती जाडी गेनने भरून काढू नका, निघणार नाही.

आयोमीचं न जुळण्याचं कारण ट्युनिंग. १९७० चे दोन्ही आल्बम साधारण नेहमीच्या ट्युनिंगचे, पण 'मास्टर ऑफ रिॲलिटी'पासून, म्हणजे १९७१ पासून, गिटार तीन अर्धस्वर खाली: सी शार्प, एफ शार्प, बी, ई, जी शार्प, सी शार्प. 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' आणि 'इनटू द व्हॉइड' तिथलीच. तो डावखुरा. बर्मिंगहॅमच्या पत्रा कारखान्यात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली, त्यावर वितळवलेल्या प्लास्टिकच्या आणि चामड्याच्या टोप्या घालून तो वाजवतो. पातळ आणि ढिल्या तारा ही त्याची गरज होती, आवाज त्यातून घडला.

तुमच्या ९-४२ तीन अर्धस्वर उतरवल्या तर ताण सुमारे २९ टक्के कमी होईल, तारा फ्रेटवर आपटतील आणि जोरात मारल्यावर सूर क्षणभर चढेल. तोच ताण राखायचा तर जाडी १.१९ पट हवी. ९ चे १०.७, ४२ चे ५०. तेव्हा ११ चा संच घ्या. पण नट, ब्रिज, इंटोनेशन (वरच्या फ्रेटांवरचा सूर जुळवणं) सगळं पुन्हा आलं. एकच गिटार असेल तर गिलमोर आणि आयोमी आलटून पालटून करू नका. महिनाभर एक, मग दुसरा. घाई असेल तर रेकॉर्डच सॉफ्टवेअरने तीन अर्धस्वर वर घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

मींडवाला

राहिला हात. तार टिकली तरी बेंड कणसूर लागत असेल तर गिटारचा दोष नाही. सतारीवर मींड घेताना पोहोचायचा स्वर आधी मनात असतो, इथेही तसंच. 'ब्रिक'चा सोलो डी मायनरमध्ये, हात दहाव्या फ्रेटपाशी. दुसरी तार दहावा फ्रेट, म्हणजे ए, आधी वाजवा. मग तिसरी तार बारावा फ्रेट, जी, तिथून पूर्ण स्वर वर ओढून त्याच एवर थांबा. आता दोन्ही एकदम. सूर चुकला असेल तर डुलणारा ठोका ऐकू येतो. ठोका मंदावत थांबला की पोहोचलात. तो वेगाने वाढला तर पुढे निघून गेलात, आणि नवशिके बहुतेक अलीकडेच राहतात.

ओढताना एकटी अनामिका नको. अनामिकेमागे मधलं आणि तर्जनी त्याच तारेवर, अंगठा मानेच्या वरून, आणि जोर मनगटातून, कुलपात किल्ली फिरवल्यासारखा. व्हायब्रॅटो (सुराचं आंदोलन) *पोहोचल्यानंतर* सुरू करा. वाटेतच हात हलवला तर चुकलेला सूर झाकला जातो आणि कधीच सुधारत नाही. गिलमोर एकाच बेंडमध्ये आधी एक स्वर, मग थांबून आणखी वर जातो. ते तुमच्या यादीत सध्या शेवटी ठेवा. ९ च्या तारेवर दीड स्वराचा बेंड नीट बसेपर्यंत रोज पाच मिनिटं, ट्युनर समोर ठेवून. बोट दुखलं की थांबा. आणि वाजवून झाल्यावर तारा खालच्या बाजूनेही कोरड्या फडक्याने पुसा, घामाने गंजलेली तार नटमध्ये पुन्हा अडकते.