पीआरआय गेटवेवरचे कॉल रेकॉर्डरला एकतर्फीच मिळताहेत

तारजोड: ३० चॅनेलच्या एका पीआरआयवर (टेलिफोन कंपनीची डिजिटल लाइन) गेटवे (लाइनवरचे कॉल नेटवर्कवर आणणारं यंत्र), मागे अ‍ॅस्टरिस्क (फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर), कोडेक (आवाज डिजिटल करायची पद्धत) जी.७११. गेटवेच्या स्विच पोर्टचं मिररिंग (त्या पोर्टवरच्या पॅकेटांची प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठवणं) करून रेकॉर्डर लावलाय. ग्राहकाचा आवाज येतो, एजंटचा नाही. एक्स्टेन्शन ते एक्स्टेन्शन कॉल तर दिसतच नाहीत. रेकॉर्डर बदलू का?

स्विचमास्तर: रेकॉर्डर बरोबर आहे. आरटीपीत (नेटवर्कवरून आवाज नेणारा प्रोटोकॉल) दोन्ही दिशांचे प्रवाह वेगळे असतात आणि तुमचं मिररिंग नुसतं 'आरएक्स' आहे, म्हणजे गेटवेकडून स्विचमध्ये येणारं तेवढंच. 'बोथ' करा. मात्र त्याच जोडीला अ‍ॅस्टरिस्कचा पोर्टही 'बोथ' लावलात, तर दोघांमधलं प्रत्येक पॅकेट दोनदा येईल आणि रेकॉर्डिंग बिघडेल.

लोडची काळजी नको. २० मिलिसेकंदांच्या पॅकेटला इथरनेटवर एका दिशेला ८७.२ केबीपीएस लागतात. ३० कॉलचे ६० प्रवाह धरले तरी सव्वापाच एमबीपीएसच्या आसपास. अख्खा व्हीलॅन (स्विचवरचं आभासी नेटवर्क) एका पोर्टवर ओतला की मात्र पंचाईत. पोर्ट भरला की स्विच मिररची पॅकेट टाकून देतो. कॉल स्वच्छ, रेकॉर्डिंग तुटक.

अंतर्गत कॉल गेटवेपर्यंत जातच नाहीत, मग तिथे दिसणार कसे? डायरेक्ट मीडिया चालू असेल तर ते अ‍ॅस्टरिस्कच्या पोर्टवरही सापडणार नाहीत. फोन परस्पर आरटीपी पाठवतात.

एसबीसीवाला: म्हणून मी मिररिंगच्या भानगडीत पडणार नाही. पीजेसिपमध्ये (अ‍ॅस्टरिस्कचा फोन जोडणारा भाग) प्रत्येक एंडपॉइंटला (फोन किंवा गेटवेची नोंद) डायरेक्ट मीडिया 'नो' करा आणि सर्व्हरवरच मिक्समॉनिटर (अ‍ॅस्टरिस्कची कॉल रेकॉर्ड करायची सोय) लावा. त्याच्या 'आर' आणि 'टी' पर्यायांनी दोन्ही बाजूंच्या वेगळ्या फायली मिळतात. १६ बिट, ८ किलोहर्ट्झ, मोनो वेव्ह तासाला ५७.६ एमबी खाते, तेवढी डिस्क ठेवा. सुपरवायझरला चालू कॉल ऐकायचा असेल तर चॅनस्पाय ही अ‍ॅस्टरिस्कचीच सोय.

पुढे एसआरटीपी (एन्क्रिप्ट केलेलं आरटीपी) आलं की मिररिंगमधून नुसती खरखर मिळेल. गेटवे किंवा एसबीसी (नेटवर्कच्या सीमेवर कॉल सांभाळणारं यंत्र) सिपरेक (रेकॉर्डिंगचा प्रोटोकॉल, मानक आरएफसी ७८६६) देत असेल तर तोच प्रवाहाची प्रत वेगळ्या सिप (कॉल जोडायचा प्रोटोकॉल) सेशनने रेकॉर्डरकडे पाठवतो, स्विचला हात लावावा लागत नाही.

तारजोड: 'बोथ' केल्यावर दोन्ही आवाज आले. मिक्समॉनिटर लागेपर्यंत कच्च्या पीकॅप फायली (नेटवर्कवरून पकडलेली पॅकेटं) ठेवल्या तर चालेल?

स्विचमास्तर: शक्यतो नको. डीटीएमएफ (फोनची बटणं दाबल्यावर जाणारे संकेत) आरएफसी ४७३३ प्रमाणे जात असेल तर ग्राहकाने दाबलेला पिन, ओटीपी, कार्ड नंबर सगळं त्यात आकड्यांसकट उघडं असतं. आणि रेकॉर्डिंगची सूचना कॉल एजंटला जोडण्याआधी वाजवा, नंतर नाही.