मदत हवी आहे: एच61 मदरबोर्डावर विंडोज 10 टाकलं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर (स्क्रीन नीट चालवणारं सॉफ्टवेअर) मिळत नाहीये

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. रामबागेत आमच्या काकांचं डीटीपीचं छोटं काम आहे, लग्नामुंजीच्या पत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं वगैरे, आणि गणपती तोंडावर आलेत म्हणून जरा घाईत विचारतेय. पीसी असेंबल्ड आहे, प्रोसेसर इंटेल आय3-2120, बोर्डावर नुसतं एच61 छापलंय, कंपनीचं नावच नाही. जुनी हार्डडिस्क गेली म्हणून रिपेअरवाल्या भियाने एसएसडी लावून विंडोज 10 टाकून दिलं आणि मशीन स्लो होतं म्हणून अपडेट पण बंद करून दिले.

तेव्हापासून स्क्रीन 1024 बाय 768 च्या वर जातच नाही, मॉनिटर 1366 चा आहे त्यामुळे सगळं आडवं ताणलेलं, गोल शिक्का काढला की लंबगोल दिसतो, काका प्रिंट काढून पट्टीने मापं बघतात, खूप वाईट वाटतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर येतंय, शिवाय एसएम बस कंट्रोलर आणि पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर या दोघांवर पिवळं चिन्ह. हार्डवेअर आयडीमध्ये (भागाच्या ओळखक्रमांकात) ग्राफिक्सचा व्हेन_8086, डेव्ह_0102 आहे. 8086 म्हणजे इंटेल हे कळलं, पण त्यांच्याकडे या चिपला विंडोज 10 चा ड्रायव्हरच दिसत नाही. भिया म्हणतो ड्रायव्हर अपडेटर टाका, सगळं आपोआप होईल. मला ते पटत नाही, असली सॉफ्टवेअर स्कॅन फुकट करतात आणि मग पैसे मागतात, वर ब्राउझरमध्ये काहीबाही भरून ठेवतात, आणि या मशीनवर लोकांच्या घरचे पत्ते-नंबर असतात हो. मग ड्रायव्हर घ्यायचा कुठून? विंडोज 7 वाला जबरदस्तीने टाकू का? की सरळ विंडोज 11 टाकावं?

प्रतिसाद 1:
ताई, अपडेटर मुळीच नको, आणि विंडोज 7 वाल्याच्या पण मागे लागू नका. एचडी 2000 चा, म्हणजे तुमच्या प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सचा, विंडोज 10 वर चालणारा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधूनच येतो आणि तुमच्याकडे तेच बंद आहे! आधी रिस्टोअर पॉइंट बनवा, काही बिघडलं तर मागे जाता येतं. मग सर्व्हिसेसमध्ये विंडोज अपडेट बघा, डिसेबल्ड असेल तर मॅन्युअल करून स्टार्ट करा. नेट नसेल तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग लावा. अपडेट चेक करा, त्यात नाही आला तर ऑप्शनल अपडेट्समध्ये ड्रायव्हरचा भाग उघडून बघा. बोर्डाची कंपनी कळली नाही तरी इथे अडत नाही, विंडोज तो हार्डवेअर आयडी बघूनच शोधतं. एसएम बसला लागते ती चिपसेटची (बोर्डावरच्या मुख्य चिपची) छोटी फाइल, दुसरं म्हणजे इंटेल मॅनेजमेंट इंजिन, दोघांचा स्क्रीनशी संबंध नाही. विंडोज 11 ला इंटेल प्रोसेसरची निदान आठवी पिढी लागते, तुमची दुसरी. फक्त विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, तेव्हा काकांना सांगा बँकेची कामं या मशीनवर नको आणि फाइलींची कॉपी बाहेर ठेवा.

धागाकर्ती:
दादा, डिसेबल्डच होतं! चालू केलं, ऑप्शनलमध्ये इंटेलचा डिस्प्ले ड्रायव्हर आला, रीस्टार्ट केल्यावर 1366 बाय 768 मिळालं आणि शिक्का गोल दिसतोय, काका लगेच पावतीपुस्तकाला बसले. एसएम बसचं चिन्ह पण गेलं. पीसीआयवाल्यावर अजून आहे, ते तसंच राहू दिलं तर चालेल ना?

प्रतिसाद 1:
छपाईच्या कामाला काही अडचण नाही, राहू द्या. गणपती झाले की बघू.