मसाई पठारावर तंबूत राहायचंय, ९ महिन्यांच्या लेकीला रात्री ऊब कशी द्यायची?

डिसेंबरात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर एक रात्र तंबूत काढायची आहे. लेक ९ महिन्यांची. कोल्हापुरात घरी ती एका झबल्यात निवांत झोपते, पण पठार उघडं, पहाटेचा वारा बोचरा. मला त्याचीच धास्ती आहे.

डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्यात: वर्षाच्या आतल्या बाळावर सुटं पांघरूण नको, आणि झोपेत टोपी नको, कारण बाळ जादा उष्णता डोक्यातूनच बाहेर टाकतं. आमच्या आत्याबाई मात्र कुंची आणि गोधडी घ्यायलाच सांगतात. त्यांचाही जीवच तुटतो हो, त्यांना कसं समजवायचं?

गारठा जमिनीतूनच जास्त चढतो, म्हणून खाली घोंगडं, त्यावर फोमची चटई घालणार आहे. तंबूत शेगडी अजिबात नाही, कोळशाच्या विषारी वायूला वासही नसतो. तिचे हात गार लागले तरी मान आणि छाती कोमट असली की पुरे, हे बरोबर ना?

अंगात सुती झबलं, त्यावर लोकरी स्वेटर आणि बाह्या असलेली झोपेची पिशवी एवढं पुरेल का? अशी जाडसर पिशवी कोल्हापुरात कुठे मिळेल? एवढ्या लहान बाळाला घेऊन कुणी राहिलं असेल तर जरूर सांगा. जमणार नसेल तर तसंही स्पष्ट सांगा, आम्ही मार्चमध्ये जाऊ.