तैयाकीत मासा नसतो!

कुणीतरी विचारलंय, तैयाकी, म्हणजे साच्यात भाजलेला सारण भरलेला जपानी गोड पदार्थ, शाकाहारी माणसाला चालेल का? मासा फक्त आकाराला. 'ताई' हा मासा जपानमध्ये शुभ मानतात, म्हणून साचा त्याचा. पिठात मात्र बहुधा अंडं असतं, तेवढं विचारून घ्या.

आत 'आंको', म्हणजे अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड सारण. पहिल्या घासाला मला थेट पुरणच आठवलं, वेलची-जायफळ घालायला विसरलेलं!

टोक्योत आझाबु-जुबानला १९०९ पासूनचं 'नानिवाया' हे तैयाकीचं दुकान आहे. तिथे लांब दांड्याच्या लोखंडी साच्यात एकेक मासा वेगळा भाजतात. अशा तैयाकीला शौकीन 'तेन्नेन' म्हणतात, म्हणजे समुद्रात पकडलेली. एका साच्यात एकदम बऱ्याच निघतात त्या 'योशोकु', पाळलेल्या. नावं ठेवावीत तर अशी! फरक लागतो मात्र खरा: तेन्नेनचं आवरण पातळ आणि कुरकुरीत.

कस्टर्डवालीही मिळते. मला ती नुसतीच गोड वाटली.

मासा नकोच असेल तर साधारण तेच पीठ, तेच सारण घालून गोल 'इमागावायाकी' करतात. काहीही घ्या, पण गरम खा. गार झाली की चिवट होते, आणि गरम असताना आतलं सारण जीभ पोळवतं. माझी पोळलीच.