मदत हवी: स्लॅगच्या ब्लॉकमध्ये कार्बन डायऑक्साइड मुरत नाहीये

खाडीकाठचा: वडखळजवळ छोटं ब्लॉक युनिट आहे. स्टील कारखान्याचा स्लॅग (धातू वितळवताना उरणारी मळी) दळून, सिमेंट न घालता ब्लॉक पाडतोय. बंद टाकीत सीओटू सोडला की चुन्याशी मिळून दगड होतो म्हणे. आमचा ब्लॉक दुसऱ्या दिवशीही हाताने मोडतो. सिलिंडरचे पैसे चाललेत. लवकर सांगा, डंपर दारात उभा आहे.

जांभाचिरा: कुठला स्लॅग? दाणेदार की एलडीचा, म्हणजे पोलाद करायच्या भट्टीतला?

खाडीकाठचा: करडा. स्लॅग तो स्लॅगच ना?

जांभाचिरा: नाही हो. दाणेदार काचेसारखा असतो, सिमेंटमध्ये जातो, सीओटू फारसा घेत नाही. एलडीत मोकळा चुना असतो. 56 किलो चुना पुरता मुरला तर 44 किलो वायू धरतो.

राखवाला_रत्नागिरी: स्लॅग सोडा, फ्लाय ॲश घ्या. आमच्या विटांची एक तक्रार नाही.

जांभाचिरा: दगडी कोळशाच्या राखेत बहुधा चुना थोडाच. वायू धरणार कोण? तुमची वीट सिमेंटवर उभी आहे.

राखवाला_रत्नागिरी: राखही कचराच आहे की! तिचं काय करायचं मग?

माडाखाली: यावर कार्बन क्रेडिट (वायू रोखल्याबद्दल मिळणारं, विकता येणारं प्रमाणपत्र) मिळतं का? मेहुण्याची काजूची बाग आहे.

जांभाचिरा: आधी सिलिंडर आणायचं डिझेल आणि दळायची वीज वजा करा. चिमणीतला वायू वापरला तर खरा फायदा.

सुरूबन: टाकीत घालण्याआधी ब्लॉक भिजवता का?

खाडीकाठचा: अर्थात. रात्रभर ओल्या गोणपाटाखाली असतात. क्युरिंग नको? स्लॅग एलडीचाच आहे, ड्रायव्हरला विचारलं.

सुरूबन: मग तिथेच अडलंय. छिद्रं पाण्याने भरली की वायू आत शिरत नाही. पाण्यातून तो हवेच्या हजारो पट सावकाश सरकतो. ठणठणीत कोरडाही नको, ब्लॉक किंचित दमट असावा. गोणपाट काढा, पंख्याखाली ठेवा. पावसाळ्यात नुसत्या पडवीत सुकणार नाही. मग वायू दिल्यावर एक ब्लॉक फोडून फिनॉल्फ्थॅलिन (चुन्यावर गुलाबी होणारं रसायन) शिंपडा. गुलाबी झाला तिथे वायू पोचलेला नाही.

जांभाचिरा: गुलाबी ब्लॉक विकू नका. राहिलेला चुना भिंतीत फुगतो, गिलावा उडतो. आणि सळईच्या कामात हा ब्लॉक नकोच: वायू मुरला की चुना सळईला गंजापासून राखत नाही, आणि खारं वारं आधीच लोखंड खातं.

सुरूबन: टाकी जमिनीवर आहे की खाली?

खाडीकाठचा: खड्ड्यात. पोरं उतरून ब्लॉक काढतात. का?

सुरूबन: आजपासून कुणालाही उतरवू नका! सीओटू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो, माणूस गुदमरतो. टाकी वर घ्या, मगच पुढचं.

खाडीकाठचा: काम थांबवलं. पंख्याखाली किती वेळ ठेवू?

सुरूबन: घड्याळ नको, वजनकाटा लावा. सुकताना वेगवेगळ्या वजनाला काढून, वायू देऊन प्रत्येकी एक फोडा. सर्वांत कमी गुलाबी निघेल ते वजन धरा.